आयनिक लिक्विडवर दाब देताना: स्फटिक समजून काच मोजू नका, आणि इतर चुका

ब्युटिल-मिथिल-इमिडाझोलियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट, म्हणजे ‘बीमिम पीएफ-६’, हे आयनिक लिक्विड (नुसत्या आयनांचं बनलेलं, कमी तापमानाला वितळणारं मीठ) एरवी साधारण ११ अंश सेल्सिअसला वितळतं. डायमंड अँव्हिल सेलमध्ये (स्क्रू आवळून दोन हिऱ्यांच्या टोकांत नमुना दाबायचं उपकरण) दाबलं की खोलीच्या तापमानालाही त्याचे स्फटिक पडतात. पण स्क्रू आवळल्यावर द्रव घट्ट झाला म्हणजे स्फटिक झाला, असं नाही. सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

या द्रवांचे आयन मोठे आणि बेढब. नीट रचून बसायला त्यांना वेळ लागतो. भराभर दाब चढवलात तर ते आहेत तिथेच अडकतात आणि काच, म्हणजे विस्कळीत रचनेचा घन, बनते. सूक्ष्मदर्शकात दोन ध्रुवक (प्रकाश एकाच दिशेने कंपणारा करणाऱ्या चकत्या) एकमेकांना काटकोनात ठेवून पाहा. स्फटिक सहसा उजळतो, काच अंधारीच राहते. मात्र ताणलेला हिरासुद्धा थोडा उजळतो, म्हणून रामन वर्णपटही घ्या (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशातून रेणूंची कंपनं रेषांच्या रूपात दिसतात). काचेच्या रेषा द्रवासारख्याच रुंद असतात, स्फटिकाच्या टोकदार.

बारीक स्फटिकांचा चुरा झाला तर टाकून देऊ नका. सेल बंद ठेवून तापवा, एकच कण उरेपर्यंत बाकीचे वितळू द्या, मग अगदी हळू थंड करा. तो कण वाढत जाऊन गॅस्केटचं, म्हणजे हिऱ्यांमधल्या नमुना धरणाऱ्या धातूच्या चकतीचं, छिद्र भरतो. फक्त तापलेल्या सेलमधला दाब रूबीवरून (नमुन्याशेजारी ठेवलेला कण, ज्याच्या प्रकाशरेषेवरून दाब कळतो) थेट वाचू नका. रूबीची रेषा दर गिगापास्कलला सुमारे ०.३६५ नॅनोमीटर सरकते, पण तापमानामुळेही दर अंशाला जवळपास ०.००७ सरकते. म्हणजे ५० अंशांनी तापलेल्या सेलमध्ये दाब जवळपास १ गिगापास्कलने खोटाच वाढलेला दिसतो. थंड झाल्यावर पुन्हा मोजा.

दुसरी चूक रामनच्या अर्थाची. ६२५ प्रति सेंटीमीटरजवळची रेषा सरळ ब्युटिल साखळीची, ६०३ ची वळलेल्या साखळीची. द्रवात दोन्ही असतात आणि दाबाने त्यांचं प्रमाण बदलतं. तेवढ्यावरून नवा स्फटिकप्रकार जाहीर करू नये. बीमिम पीएफ-६ चे तीन स्फटिकप्रकार माहीत आहेत, त्यांतल्या दोनांत साखळी वळलेलीच असते, फक्त वेगळ्या बाजूला. तिथे क्ष-किरण विवर्तनाशिवाय (क्ष-किरणांनी अणूंची मांडणी ठरवणं) निकाल लागत नाही.

पाण्याकडे दुर्लक्ष तर करूच नका. पाण्याने वितळणबिंदू घसरतो आणि स्फटिक पडायला लागणारा दाब बदलतो. नमुना ६० ते ७० अंशांवर निर्वातात किमान दिवसभर सुकवा, कार्ल फिशर पद्धतीने (अल्प पाणी मोजणारं अनुमापन) पाणी मोजा आणि कोरड्या ग्लोव्ह बॉक्समध्येच भरा. ओलसर पीएफ-६ जास्त तापवलं तर हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. तो माणसालाही घातक आणि गॅस्केटलाही.

मेथॅनॉल-इथेनॉलचं मिश्रण दाबमाध्यम (नमुन्याभोवती दाब सारखा पोहोचवणारा द्रव) म्हणून सवयीने घालू नका. बरीच आयनिक लिक्विड त्यात विरघळतात. नमुना द्रव असेपर्यंत स्वतःच दाब सारखा पसरवतो. गोठल्यावर मात्र रूबीच्या दोन रेषांकडे लक्ष ठेवा. त्या रुंदावून एकमेकींत मिसळू लागल्या, की दाब सगळीकडे सारखा राहिलेला नाही. तिथून पुढच्या जालकमापांवर (स्फटिकातल्या आवर्ती चौकटीच्या लांबी-कोनांवर) विसंबू नका.