जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लावतोय? उघडायला घेण्याआधीची तयारी

घरातला आठ-दहा वर्षांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच-सात मिनिटं घेऊ लागला की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मारून टाका. माझं कळकळीचं सांगणं आहे, थांबा. फॉरमॅटने विंडोज नवं होतं, डिस्क जुनीच राहते. खरं दुखणं डिस्कचं असेल तर काही आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. मधल्यामध्ये मुलांचे फोटो, दुकानाचा टॅलीतला हिशेब, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला वडिलांचा मजकूर मात्र हातचा जातो. म्हणून दुरुस्तीचा रविवार ठरवण्याआधीच्या आठवड्यात थोडी तयारी करून ठेवा.

आधी एक वही आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. तीन वेळा टिपायच्या आहेत: बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह दिसेपर्यंत, तिथून पासवर्डचा चौकोन येईपर्यंत, आणि पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझर खरोखर वापरता येईपर्यंत. पहिला टप्पा लांबत असेल तर विंडोजला दोष देऊ नका. मदरबोर्डला जोडलेली उपकरणं किंवा डिस्क ओळखायलाच वेळ लागतोय. मधला लांबला तर संशय डिस्कवर आणि ड्रायव्हरवर, म्हणजे उपकरणं चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर. शेवटचा लांबला तर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम, अपुरी रॅम आणि पुन्हा डिस्क. घड्याळावर भरवसा नसेल तर विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' या नोंदवहीत 100 क्रमांकाची नोंद शोधा. सुरू व्हायला लागलेला वेळ तिथे मिलिसेकंदांत लिहिलेला असतो. 1,80,000 म्हणजे तीन मिनिटं.

मोजणी 'शट डाउन' करून एकदा आणि 'रीस्टार्ट' करून एकदा, अशी दोन्ही करा. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. कॉम्प्युटर बंद करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. रोज रात्री इमानेइतबारे बंद करणाऱ्या माणसालाही टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' कित्येक दिवसांचा दिसतो, त्याचं कारण हे. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने उभं राहतं. नुसत्या रीस्टार्टने मशीन सुधारलं तर ती सोय काही दिवस बंद ठेवून पाहा. कॅबिनेट उघडायच्या दिवशी शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा, म्हणजे ते पूर्ण बंद होईल.

यानंतर बॅकअप. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर वही-घड्याळ बाजूला ठेवा आणि आधी हेच करा. पोर्टेबल हार्ड डिस्क नसेल तर मागून आणा, पण ती आल्याशिवाय पुढे जाऊ नका. फक्त 'डॉक्युमेंट्स' कॉपी करून लोक निश्चिंत होतात, तिथेच घात होतो. डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं, डाउनलोड्स, टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची फाइल आणि ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड हे सगळं वेगळं आठवून घ्यावं लागतं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट जपावी लागते. श्रीलिपी किंवा आयएसएम या तशाच सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडच्या (आजच्या, सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या फाइली नुसत्या कॉपी करून भागत नाही. तो फॉन्ट नव्या विंडोजवर नसला की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गुंता दिसतो. म्हणून फॉन्टच्या फाइलीही उचला, सॉफ्टवेअरची सीडी आणि डोंगल (परवान्यासाठी जोडायची किल्ली) असेल तर तेही शोधून ठेवा. लग्नपत्रिका, संस्थेचे अहवाल, वंशावळ असं कितीतरी नाशिकच्या घराघरांत या फॉन्टमध्ये पडून आहे आणि ते दुसऱ्या कोणाकडे नाही. कॉपी झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार-पाच फाइली उघडून पाहा. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक बदल केला आणि दार बंद झालं असं होतं.

आता डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवतो. त्यात 05, सी5 आणि सी6 या तीन ओळींकडे पाहा: बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), लटकलेले सेक्टर आणि वाचताच न आलेले सेक्टर. त्या आकड्यांत शून्याशिवाय काही असेल आणि ते वाढत असेल, तर ती डिस्क बदलायचीच. अशा डिस्कवर 'चेकडिस्क' या विंडोजच्या डिस्क-तपासणीचा लांबलचक फेरा बॅकअपच्या आधी कधीही चालवू नका. खंगलेल्या डिस्कवर तो ताण शेवटचा ठरू शकतो.

डिस्क निरोगी असूनही हळू असू शकते, हे समजून घ्यायला हवं. 7200 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 7200 फेऱ्या घेणारी चकती एका फेरीला सुमारे 8.3 मिलिसेकंद घेते. म्हणजे हवा तो भाग हेडखाली (वाचणाऱ्या सुईसारख्या भागाखाली) येण्याची सरासरी वाट 4 मिलिसेकंदांहून जास्त, हेड सरकण्याचा वेळ वेगळाच. सेकंदाला शंभरेक हेलपाटे, त्याहून फार नाहीत. लॅपटॉपमधली 5400 ची चकती आणखी मंद. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली विखुरलेल्या जागांवरून गोळा करतं, त्यात अँटिव्हायरस आणि अपडेट त्याच वेळी डिस्क मागतात, आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्क्यांवर अडकते. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतं, ही वाटच उरत नाही. म्हणूनच जुन्या मशीनवर एकाच वस्तूला पैसे घालायचे असतील तर मी एसएसडी सांगेन, रॅमच्याही आधी.

पैसे खर्चण्याआधी फुकटचे उपाय करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'स्टार्टअप'मध्ये जा. विंडोज 7 असेल तर हीच यादी 'एमएसकॉन्फिग'मध्ये मिळेल. प्रिंटरचे मदतनीस, गाण्यांचे प्लेअर, मीटिंगची ॲप, टोरंट हे खुशाल बंद करा. ते काढले जात नाहीत, फक्त आपणहून उठत नाहीत. आवाजाचा, टचपॅडचा आणि मराठी कीबोर्डचा प्रोग्रॅम राहू द्या. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर निदान 15-20 टक्के जागा मोकळी करा.

पहिलाच टप्पा लांबणाऱ्यांनी पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, पोर्टेबल डिस्क सगळं काढून एकदा मोजावं. तारीख दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा 3 व्होल्टचा बटण-सेल संपलाय. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो. बायोसमध्ये 'साटा मोड' (डिस्कशी बोलण्याची पद्धत) दिसला तर त्याला हात लावू नका. आयडीईचं एएचसीआय तयारीशिवाय केलं तर विंडोज उघडतच नाही.

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला किंवा एम. जी. रोडला खरेदीला जाण्याआधी मशीनचं मॉडेल आणि आतल्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये हवा. जुन्या मशीनला बहुधा केबलने जोडायची अडीच इंची साटा एसएसडी लागते, मदरबोर्डच्या खाचेत बसणारी एम-टू पट्टी नव्हे. डेस्कटॉपसाठी ब्रॅकेट आणि जादाची साटा केबलही विचारा, जुनी डिस्क नव्यावर क्लोन करायला, म्हणजे जशीच्या तशी उतरवायला, साटा-टू-यूएसबी केबल घ्या. रॅम घ्यायची तर तिची पिढी डीडीआर 3 की 4 ते पाहून घ्या, एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही. लॅपटॉपच्या डीडीआर 3 मध्ये पीसी3एल लिहिलेली 1.35 व्होल्टची पट्टी वेगळी. आणि विंडोज 32 बिटचं असेल तर 4 जीबीच्या पुढची रॅम घरगुती आवृत्तीत वाया जाते.

विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे 2017 च्या आधीची बहुतेक मशीन अधिकृतपणे बसत नाहीत. असं मशीन फक्त ब्राउझर आणि पत्रं लिहिण्यासाठी असेल तर एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्याचा विचार आत्ताच करा, कारण निर्णय क्लोनच्या आधी घ्यायचा आहे. टॅली किंवा श्रीलिपी रोज लागत असेल तर तो रस्ता तुमच्यासाठी नाही, कारण ते प्रोग्रॅम विंडोजचे आहेत.

दिवस निवडताना पावसाळी, वीज ये-जा करणारी दुपार टाळा. क्लोन चालू असताना वीज गेली तर सगळं पहिल्यापासून. डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी आधी तपासा. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेल्या भागात कॅबिनेटमध्ये धूळ जास्त साचते. गॅलरीत नेऊन मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ करा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, साटा केबल काढून पुन्हा घट्ट बसवा.

काम झाल्यावर तेच तीन टप्पे त्याच वहीत पुन्हा मोजा. काढलेली डिस्क लगेच पुसू नका, विकू तर मुळीच नका. तिच्यावर तारीख लिहून महिनाभर बाजूला ठेवा. तेवढ्यात घरातल्या कोणाला तरी राहून गेलेलं एखादं फोल्डर हमखास आठवतं.