क्षारपड जमिनीवर एम.एस्सी.चा प्रबंध : गिरमिट मे महिन्यातच हातात घ्या

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या सांगलीकडच्या विद्यार्थ्यांना प्रबंधाचा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. मिरज, पलूस, वाळवा तालुक्यांत कृष्णाकाठच्या काळ्या रानांत वर्षानुवर्षं भरपूर पाण्यावर ऊस झाला आणि त्यातली बरीच जमीन क्षारपड (क्षार साचलेली), काही ठिकाणी चोपण (सोडियम वाढून बिघडलेली) झाली. विषय दारात आहे. अडचण वेळेची असते.

प्रबंधाचं काम सहसा शेवटच्या सत्रात सुरू होतं आणि उन्हाळ्यात अहवाल द्यावा लागतो. क्षार मात्र उन्हाळ्याच्या शेवटी पृष्ठभागावर सर्वाधिक असतात. भूजल उथळ असलं की ते केशाकर्षणाने वर चढतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पावसाळ्यात तेच क्षार धुऊन खाली उतरतात. म्हणून पहिलं वर्ष संपल्यावरच्या सुट्टीत, मे महिन्यात, गिरमिटाने (जमिनीत फिरवून माती काढायचं अवजार) नमुन्यांची पहिली फेरी उरका. दुसरी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, त्याच जागांवर. मोबाईलच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक राहते. त्यामुळे दोन बांधांपासूनचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. विषय पक्का करण्याआधी कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात एक चक्कर मारा. भूमिगत सच्छिद्र पाइपच्या निचऱ्याचं काम तिथे चालतं.

शेतं निवडताना नदीकाठापासून माळाकडे जाणारी एक रेघ नकाशावर आखा. काठाची, मधली आणि चढाची अशा तीन पट्ट्यांतून प्रत्येकी आठ-दहा शेतं घ्या, शिवाय तशाच मातीची काही जिरायत रानं तुलनेसाठी. एका शेतातले पाच नमुने म्हणजे पाच शेतं नव्हेत. संख्याशास्त्रात एकक शेत हेच. तोंडी परीक्षेत बहुतेकजण इथेच अडकतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात रान पाण्याखाली होतं का, गाळ बसला का, हे प्रत्येक शेतकऱ्याला विचारा. 'पाणी किती देता?' या प्रश्नाला 'भरपूर' एवढंच उत्तर येतं. 'काका, पाण्याची पाळी किती दिवसांनी असते, मोटर किती तास चालते, पंप किती एचपीचा?' असं विचारलं की हिशेब मांडता येतो.

नमुने चार थरांतून घ्या : ०–१५, १५–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंमी. सुपीकतेच्या नमुन्यासाठी वरचा थर खरवडून टाकतात, इथे तसं करू नका. वरची पांढरी पापडी असेल तर ती वेगळ्या पिशवीत घ्या. सरीतून पाणी दिलेल्या रानात क्षार वरंब्याच्या माथ्यावर साचतात, ठिबकच्या रानात ओल्या वर्तुळाच्या कडेला. एका शेतात वरंब्यावर आणि दुसऱ्यात सरीत गिरमिट घातलं, तर तुम्ही शेतांची नव्हे, सरी-वरंब्यांची तुलना करत बसाल. जागा एकदा ठरवा आणि सगळीकडे तीच पाळा.

ओली काळी माती गिरमिटाला चिकटते, फार वाळली तर पातं आत शिरत नाही. वाफसा असताना काम सोपं जातं. मेमध्ये पडीक रानाला भेगा पडतात. भेगेजवळ भोक पाडलं की वरची खारी माती खाली पडते आणि ९० सेंमीचा नमुना फसवा निघतो. भेगेपासून दूर राहा, प्रत्येक थरानंतर पातं पुसा. खताच्या रिकाम्या पोत्यात किंवा घमेल्यात माती ठेवू नका; उरलेलं चिमूटभर खतही क्षारतेचा आकडा फुगवतं. भोक दोन मीटरपर्यंत नेता आलं तर तोंड झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी मोजा. काळ्या मातीत पाणी सावकाश पाझरतं, लगेच घेतलेली पातळी खरी नसते. त्या पाण्याचा नमुनाही घ्या.

माती सावलीत वाळवा, लाकडी हातोडीने फोडा, २ मिमीच्या चाळणीतून चाळा. २० ग्रॅम मातीत ५० मिली ऊर्ध्वपातित पाणी (१:२.५) घालून अर्धा तास हलवा आणि निवळू द्या. विद्युत वाहकतेसाठी (क्षार जास्त तितकी ती जास्त) वरचं निवळ दुसऱ्या चंचुपात्रात ओता, सामू (पीएच) उरलेल्यात मोजा. एकाच पात्रात आधी सामू घेतला तर इलेक्ट्रोडमधून पाझरणारं पोटॅशियम क्लोराइड वाहकता वाढवतं. रात्रभर ठेवूनही पाणी गढूळच राहिलं तर ती चोपण जमिनीची खूण समजा. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे राहतात. वाहकतेचं मीटर रोज ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडने तपासा : २५ अंश सेल्सिअसला १.४१ डेसीसायमन प्रति मीटर दिसलं पाहिजे. तापमान एक अंशाने वाढलं की आकडा साधारण दोन टक्क्यांनी चढतो. मीटरवर मायक्रोसायमन आहे की मिलिसायमन, तेही बघा.

आता सर्वांत महाग पडणारी चूक. क्षारपड जमिनीची ४ डेसीसायमनची मर्यादा संपृक्त लगद्याच्या अर्कासाठी (माती पाण्याने पुरती भिजवून केलेल्या लगद्यातून गाळलेल्या पाण्यासाठी) आहे. १:२.५ च्या द्रावणात पाणी कितीतरी जास्त, म्हणून आकडा बराच कमी येतो. तोच ४ शी ताडला तर खारी रानं 'सामान्य' ठरतात. म्हणून कमी, मध्यम आणि जास्त क्षारतेचे मिळून दहा-बारा नमुने निवडा, त्यांचा लगदाही करा आणि दोन्ही आकड्यांचं समीकरण स्वतःच्या मातीसाठी काढा. २५० ग्रॅम माती घ्या. लगदा चकाकला, भांडं कललं की जरासा सरकला, चमच्यावरून स्वच्छ घसरला, पण वर पाणी साचलं नाही, की झालं. काळी माती फार घोटू नका, गाळताना अर्क निघता निघत नाही. लगदा रात्रभर ठेवून मगच निर्वात पंपावर गाळा.

त्याच अर्कात सोडियम फ्लेम फोटोमीटरवर, कॅल्शियम-मॅग्नेशियम ईडीटीए या रसायनाच्या अनुमापनाने मोजा. सोडियम अधिशोषण गुणोत्तराच्या (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, याच्या) सूत्रात मिलिग्रॅम घालू नका. सोडियमला २३ ने, कॅल्शियमला २० ने, मॅग्नेशियमला १२.२ ने भागून मिलिइक्विव्हॅलंट करा. गुणोत्तर १३ च्या वर आणि सामू ८.५ च्या वर गेला तर चोपणपणाचा संशय धरा.

शेतकऱ्याला निकालाची चिठ्ठी द्यायचीच, पण सरसकट 'जिप्सम टाका' असं लिहू नका. नुसत्या क्षारपड रानाला जिप्सम लागत नाही, निचरा आणि निचऱ्यानंतर गोडं पाणी लागतं. चोपण रानाला जिप्सम लागतं, पण तिथेही निचऱ्याचे चर आधी. जिप्सममुळे सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नसेल तर पैसा मातीत जातो. प्रत्येक नमुन्याची दोनशे ग्रॅम माती तोंडी परीक्षा होईपर्यंत लेबलसकट जपून ठेवा. एखाद्या आकड्यावर शंका आली तर तोच नमुना पुन्हा मोजता येतो.