एलएल.एम.साठी अमेरिकेत येताय? आधी विचारा: माल की सेवा?

भारतात एलएल.बी. करून आलेल्यांना ऑफर, अ‍ॅक्सेप्टन्स, कन्सिडरेशन (वचनाच्या बदल्यातला मोबदला) नव्याने शिकवायची गरज नाही. ते आपल्याला पाठ असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आपला १८७२चा करार कायदा आणि इथला कॉमन लॉ (कोर्टांच्या निकालांतून घडलेला कायदा), दोन्ही इंग्लंडमधल्या एकाच मुळाचे. त्यामुळे सुरुवातीला सगळं ओळखीचं वाटतं आणि माणूस निर्धास्त होतो. कृपा करून होऊ नका.

मायनरचा, म्हणजे अल्पवयीनाचा, करार आपल्याकडे मोहरी बीबी खटल्यापासून (१९०३) मुळातच रद्दबातल. इथे तो सहसा उभा राहतो, फक्त मायनरला मोडता येतो. एखाद्याने आपण होऊन केलेल्या कामाबद्दल नंतर दिलेलं वचन आपल्या कलम २५(२)मध्ये टिकतं, इथे साधारणपणे टिकत नाही. असे फरक बरेच आहेत, पण ते वाचता वाचता लक्षात येतात. त्यांची धास्ती घेऊ नका.

धास्ती घ्यायची ती यूसीसी, म्हणजे युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या, मालाच्या विक्रीला लागू होणाऱ्या आर्टिकल टूची. आपल्याकडे १९३०चा सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्ट आहे, तोही करार कायद्यातूनच वेगळा काढलेला. मालकी कधी बदलते, वॉरंटी कोणती, हे तो सांगतो. पण ऑफर-अ‍ॅक्सेप्टन्सचा वाद निघाला की आपण परत १८७२कडेच वळतो. हीच सवय घेऊन मी आर्टिकल टू वाचलं आणि पहिल्याच सेमिस्टरला पेपरातला सगळ्यात मोठा प्रश्न हातचा गेला. मालाची विक्री असेल तर इथे करार जुळण्याचे नियमच बदलतात, हे कुणी ठणकावून सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगते.

समजा, न्यू जर्सीत एडिसनच्या एका किराणा दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याकडे तांदळाच्या पोत्यांची लेखी ऑर्डर दिली. व्यापाऱ्याने 'ऑर्डर मंजूर' असा छापील फॉर्म पाठवला. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दोन जादा अटी: बिल थकलं तर व्याज, आणि मालाची कसलीही वॉरंटी नाही. कॉमन लॉने पाहिलं तर ही मंजुरी नव्हेच, ती उलट ऑफर. दुकानदाराने पोती उतरवून घेतली की मागच्या बाजूच्या सगळ्या अटी त्याच्या गळ्यात. आर्टिकल टूचं कलम २-२०७ मात्र म्हणतं की करार झाला. दोघंही व्यापारी, म्हणून जादा अटीही आत येतात; पण ऑर्डरमध्येच 'आमच्याच अटींवर' असं बजावलेलं असेल, दुकानदाराने वेळेत हरकत घेतली असेल किंवा अटीने व्यवहाराचं स्वरूपच बदलत असेल, तर ती बाहेर. कोडवरच्या अधिकृत टिपणांप्रमाणे थकबाकीवरचं व्याज सहसा आत जातं, नेहमीच्या वॉरंट्या उडवणारी अट बाहेर राहते. लवादाच्या अटीवर मात्र कोर्टांचं एकमत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टाने (कोर्ट ऑफ अपील्स) १९७८मध्ये मार्लीन इंडस्ट्रीजच्या कापडखरेदीच्या वादात ती बाहेर ठेवली.

एवढ्यावर थांबत नाही. चालू करारात बदल करायला कॉमन लॉत साधारणपणे नवं कन्सिडरेशन लागतं. मालाच्या करारात प्रामाणिक हेतू पुरतो. घर बांधताना ठरलेल्या कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीचा तसाच पाइप बसवला, तर काम पुरेसं झालं असं न्यूयॉर्कचे न्यायमूर्ती कार्डोझो यांनी १९२१मध्ये म्हटलं. एकाच खेपेत द्यायच्या मालात तशी सूट गृहीत धरू नका, तिथे थोडा फरक असला तरी खरेदीदाराला माल नाकारता येतो.

आणि माल न् सेवा एकत्र असतील तर? बोनब्रेक विरुद्ध कॉक्स (१९७४) वाचा. बोलिंगचं सामान विकून ते बसवूनही द्यायचं होतं. मुख्य व्यवहार कशाचा हे फेडरल अपील कोर्टाने पाहिलं आणि तो मालाचा ठरवला. तेव्हा उत्तराच्या पहिल्याच ओळीत माल की सेवा हे लिहा, मग पुढे जा.

सीनिअर्सच्या फिरत्या आउटलाइनी (विषयाच्या तयार नोट्स) वापरू नका, असं माझं ठाम मत आहे. त्यांत नियम असतो, पण तो कशाला लागू होतो ते गळलेलं असतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटच्या साइटवर कोड फुकट आहे. अधिकृत टिपणं लायब्ररीत मिळतील, लॉ लायब्ररियनला विचारा. मला कुठल्याही मेंटॉरपेक्षा लायब्ररियनचा उपयोग जास्त झाला. कलमं आधी रटाळ वाटतील. दोन-तीनदा वाचलीत की सुटी होत जातात, खरंच होतात.

एक शेवटचं. यूसीसी हा काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, कायदा नाही. १९५२मध्ये प्रसिद्ध झालेला तो नमुना आहे, एकेका राज्याने तो आपापल्या विधिमंडळात मंजूर केला. पेनसिल्व्हेनियाने सर्वांत आधी, १९५३मध्ये. लुइझियानाने आर्टिकल टू आजवर घेतलेलं नाही. तिथल्या कायद्याखालच्या मालविक्रीवर प्रश्न आला, तर २-२०७ बाजूला ठेवा आणि लुइझियानाचा सिव्हिल कोड उघडा.