दम्याच्या औषधाने मुलाचं वागणं बदललंय का, हे कसं ओळखावं

मूल अचानक चिडचिडं झालं, झोपेना, अभ्यासात लक्ष लागेना, की संशय पंपावर जातो. तो बंद करण्याआधी वेळ तपासा. प्रत्येक औषधाचा परिणाम वेगळ्या वेळी दिसतो.

साल्ब्युटामॉलचा, म्हणजे दम लागल्यावर लगेच आराम देणारा, पंप घेतल्यावर काही मिनिटांतच हात थरथरणं, छातीत धडधड, चुळबुळ सुरू होऊ शकते. काही तासांत ती ओसरते. हेच औषध तोंडावाटे दिलं तर त्रास जास्त होतो, कारण एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम असतात, तर नेहमीच्या सिरपच्या ५ मिलीमध्ये २ मिलीग्रॅम, म्हणजे वीसपट. सिरप चालू असेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप देता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

अटॅकनंतर ३ ते ५ दिवस दिलं जाणारं प्रेडनिसोलोन हे तोंडावाटे घ्यायचं स्टेरॉइड मुलाला रडवेलं, रागीट आणि सतत भुकेलं करू शकतं. दिवसातून एकदाच द्यायचं असेल तर सकाळी, खाल्ल्यावर द्या; संध्याकाळच्या डोसने झोप उडते. औषध संपल्यावर हे सहसा काही दिवसांत निवळतं. रोजच्या स्टेरॉइड पंपाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, त्यामुळे वागण्यावर त्याचा असा परिणाम क्वचितच होतो. मात्र भीतीपोटी सगळ्यात आधी बंद होतो तो हाच पंप, आणि मग दमा उसळतो.

सर्वांत जास्त लक्ष मॉन्टेलुकास्टवर, म्हणजे दमा आणि ॲलर्जीसाठी रोज तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या औषधावर ठेवा. भयानक स्वप्नं, झोपेत चालणं, आक्रमकपणा, उदासी, स्वतःला इजा करण्याचे विचार, असे परिणाम नोंदले गेल्यामुळे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मार्च २०२० मध्ये या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. बहुतेक मुलांना ते सोसतं, पण त्रास होणाऱ्यांत तो कधी पहिल्या काही दिवसांत, कधी बऱ्याच काळाने, तर कधी औषध थांबवल्यावरही दिसतो. सर्दीच्या काही गोळ्यांत ते लेव्होसेटिरिझिन या ॲलर्जीच्या औषधाबरोबर मिसळलेलं असतं, म्हणून पाकिटावरची घटकांची यादी वाचा. नुसत्या सर्दीसाठी दिलं असेल तर दुसरा पर्याय मागा. दम्याचं आणखी एक औषध म्हणजे थिओफिलिन; ते चालू असताना एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर रक्तातलं थिओफिलिन वाढतं. उलट्या, अस्वस्थता, प्रसंगी झटकेही येतात.

आता वही घ्या. शक्य असेल तर नवं औषध सुरू होण्याआधी आठवडाभराची झोप आणि वागणं लिहून ठेवा, मग पुढचे दोन आठवडे रोज. औषध, मात्रा, वेळ, काय दिसलं, किती टिकलं. ‘त्रास दिला’ एवढं लिहून उपयोग नाही. ‘४ वाजता २ फवारे, ४:१५ ला अक्षर थरथरतं, ६ ला शांत’ असं लिहा. शिक्षकांकडूनही तासानुसार विचारून घ्या.

रात्री खोकल्याने किती वेळा उठलं, हा रकाना विसरू नका. झोप मोडलेलं मूल दुसऱ्या दिवशी किरकिरं आणि विसराळू होतं, आणि दोष औषधाला लागतो. अशा वेळी औषध कमी करणं नव्हे, दमा नीट आवरणं हाच इलाज. आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं समजून डॉक्टरांना भेटा.

मूल मरणाबद्दल बोललं, स्वतःला इजा करू लागलं किंवा नसलेलं दिसतंय म्हणालं, तर वही भरत बसू नका. मॉन्टेलुकास्टचा पुढचा डोस देऊ नका, मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पंप मात्र चालूच ठेवा.