जेवणाचा रोजमेळ कसा लिहावा

नागपूरच्या इतवारीतल्या एका किराणा ठोक दुकानात मी २६ वर्षांपासून वही लिहितो. आता संगणक आला, तरी आमच्या शेठजींना संध्याकाळी रोजमेळ कागदावरच लागतो. आलं किती, गेलं किती, शिल्लक काय, आणि रुपया जुळला नाही तर घरी जायचं नाही. दुसऱ्याच्या गल्ल्याचा असा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला आपल्या पोटात रोज काय जातं ते सांगता आलं नाही, तेव्हा मला खरंच लाज वाटली.

झालं असं, गेल्या वर्षी संक्रांतीनंतर रक्त तपासलं आणि एचबीए१सी ६.२ निघालं. मागच्या साधारण ३ महिन्यांत रक्तातली साखर सरासरी कुठे होती ते या तपासणीतून कळतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोज काय खाता? मी म्हटलं, साधंच, घरचं. त्या हसल्या. वहीच्या भाषेत सांगायचं तर ही मोघम नोंद झाली, आणि मोघम नोंद मी तर दुसऱ्याच्या वहीतही चालवून घेत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. खिशात मावेल अशी वही घ्या आणि ७ दिवस तोंडात गेलेलं सगळं लिहा. चार रकाने पुरतात: वेळ, काय, किती, आणि कशामुळे. प्रमाण घरच्या मापात लिहा, वाटी, पळी, चमचा, मूठ. त्या आठवड्यात खाण्यात काहीही बदल करू नका, नाहीतर वही खोटी होते. आणि खाल्ल्याबरोबर लिहा. रात्री आठवून लिहायला बसलं की जेवणं आठवतात, येताजाता तोंडात टाकलेली शेव आठवत नाही.

चौथा रकाना मी सहज आखला होता, पण सगळ्यात जास्त त्यानेच शिकवलं. त्यात मी फक्त 'भूक' किंवा 'समोर आलं' असं लिहायचो. आठवड्याच्या ५१ नोंदींपैकी १९ 'समोर आलं' निघाल्या. आमच्या दुकानात दिवसभर मालाचे नमुने येतात. शेंगदाणे, खारीक, काजू तुकडा. गिऱ्हाइकापुढे थाळी सरकवली की दोन दाणे आपल्याही तोंडात जातात. वहीचा आठवडा संपल्यावर एक दिवस मी दाणे तोंडात टाकण्याऐवजी एका वाटीत जमवले आणि संध्याकाळी दुकानातल्याच काट्यावर ठेवले. १४० ग्रॅम! शेंगदाणा वाईट नाही, पण १०० ग्रॅममध्ये साधारण ५६० कॅलरी असतात. दोन वेळा जेवून वर तिसरं जेवण होत होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. आता नमुन्याची थाळी माझ्या टेबलावर नसते, पलीकडच्या फळीवर असते. चाखायचं तर उठावं लागतं. बहुतेक वेळा मी उठत नाही.

दुसरं काम म्हणजे महिन्याची किराण्याची चिठ्ठी काढा. हे मला कुणी सांगितलं नाही, धंद्यातूनच सुचलं. घरात आम्ही तिघं, मी, बायको, मुलगी. तिघांचे ३० दिवस म्हणजे ९० माणूस-दिवस. महिन्याला ५ लिटर तेल यायचं. भागा ९० ने, माणशी रोज ५५ मिलि. म्हणजे तेलाच्याच साडेचारशे कॅलरी, बाहेरचे वडे-समोसे वेगळे. मीठ महिन्याला १ किलोचा पुडा, माणशी ११ ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. लोणचं, पापड, फरसाणातलं मीठ यात धरलेलंच नाही. साखर ३ किलो, माणशी ३३ ग्रॅम. तीच संघटना म्हणते की २००० कॅलरी खाणाऱ्याने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या पुढे नेऊ नये आणि जमलं तर २५ च्या आत ठेवावी. तुमच्या घरी पाहुणे येत असतील, डबे जात असतील, तर तेवढं वजा करा. आकडा अंदाजाचाच राहील, पण दिशा दाखवेल.

बायकोला हे आकडे वाचून दाखवले तर ती म्हणाली, "माह्या सैपाकाचं ऑडिट करून राह्यले का तुम्ही?" दोन दिवस वरणात मीठच नव्हतं. तेव्हा हे काम घरच्यांना सोबत घेऊन करा. आता आम्ही १ तारखेला तेल बरणीत मोजून काढतो, सव्वातीन लिटर, आणि फोडणीत पळीऐवजी चमचा असतो. महिनाअखेर बरणी आधी संपली तर शेवटचे दिवस भाजलेलं, वाफवलेलं. वांग्याच्या भरताला तेल लागतंच किती?

साखर मात्र आम्ही चुकीच्या पद्धतीने सोडली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवत नेऊन जाळतात त्या मारबतीसारखी एका दिवसात घरातून मिरवत काढली आणि आठ दिवसांत गुळाच्या रूपाने परत आणली. गूळ, खडीसाखर, मध, शरीराच्या वहीत सगळं साखरेच्याच खात्यावर पडतं. शेवटी चहापासून सुरुवात केली तेव्हा जमलं. बाजारात मी दिवसाला ५ चहा प्यायचो. टपरीवर चहा साखर घालूनच उकळलेला असतो, त्यात आपल्या हातात काही नसतं. म्हणून कपच कमी केले, बाहेर एक आणि घरी दोन. घरच्या चहात पहिले १५ दिवस दीड चमचा साखर, मग एक, मग अर्धा. जीभ हळूहळू ऐकते.

आता तर्री पोह्यांकडे येऊ, कारण नागपुरात राहून तर्री सोडा म्हणणाऱ्याचं मी तरी ऐकणार नाही. ठेल्यावर नीट बघा. मोठ्या पातेल्यात खाली चने आणि रस्सा, वर लाल तेलाचा बोटभर थर. भाऊ पळी वरच्यावर फिरवतो आणि तेच पोह्यांवर ओततो, मग कांदा, मूठभर चिवडा, लिंबू. मी आता म्हणतो, "भाऊ, पोहे अर्धे, पळी खालून, चने जास्त, चिवडा नको." पहिल्या दिवशी त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पुण्याहून आलो. आता न सांगता देतो. आणि मी आधी चने संपवतो, मग पोह्यांना हात लावतो.

हा क्रम जेवणातही पाळा. आधी काकडी-मुळा-कांदा आणि भाजी, मग वरण किंवा उसळ, पोळी-भात त्यानंतर. चोथा आणि प्रथिनं आधी पोटात गेली की पोट हळू रिकामं होतं आणि रक्तात साखर एकदम चढत नाही. ताट तेच, खर्च काही नाही. भाताची मी एकच वाटी ठरवली. तीच वाटी, सपाट भरलेली, डोंगर नाही. जेवल्यावर १५ मिनिटं चाला. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून ही फेरी जेवणानंतर लगेच मारलेली बरी.

पोळीऐवजी ज्वारीची भाकर खाता? चांगलं आहे, मीही खातो. पांढऱ्या भातापेक्षा तिच्यात चोथा जास्त, पोट भरलेलं राहतं. पण ज्वारीही पिठूळच, औषध नव्हे. ठेचा आणि तेलाची धार घेऊन तीन भाकरी खाल्ल्या आणि 'मी मिलेट्सवर आहे' म्हटलं तर वही हसेल. जवसाची चटणी मात्र जरूर ठेवा, रोज एक-दोन चमचे. त्यात चोथा आहे आणि ओमेगा-३ आहे. जवस भाजून कुटलेला हवा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. आठवड्यापुरतीच कुटा, जास्त दिवस राहिली की खवट होते.

माझं सगळ्यात बिघडलेलं खातं रात्रीचं होतं. दुकान साडेआठला बंद, सुभाषनगरला घरी सव्वानऊ, जेवण दहाला, अंथरूण पावणेअकराला. मध्यरात्री छातीत जळजळ. भरल्या पोटी आडवं झालं की पोटातलं आम्ल वर येतं. शिवाय रात्री उशिरा इन्सुलिनचं काम सुस्तावतं, दिवसा चालणारा तोच भात रात्री जड पडतो. दुकान लवकर बंद करणं माझ्या हातात नव्हतं. म्हणून जेवणच दोन तुकड्यांत केलं. संध्याकाळी सहाला दुकानातच अर्धी भाकर आणि झुणका, डब्यातला. घरी पोचलो की फक्त वरण आणि भाजी, साडेनऊच्या आत. झोप पावणेबाराला. पहिल्याच आठवड्यात जळजळ थांबली. सावजी मटणही रविवारी रात्रीऐवजी दुपारी, भाकरीसोबत. रस्सा ताटात ओतायचा नाही, बोटाने लावून खायचा.

मुलीची गोष्ट वेगळी. तिचं हिमोग्लोबिन १०.४ आलं, तिच्या वयाच्या बाईला १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. तिची वही पाहिली तर पोह्यांसोबत चहा, डब्यानंतर लगेच चहा. चहातले टॅनिन डाळ-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागू देत नाहीत आणि लिंबू-संत्र्यातलं क जीवनसत्त्व ते लागायला मदत करतं. तेव्हा जेवण आणि चहात तासाभराचं अंतर, वरणावर लिंबू, हंगामात जेवणानंतर एक संत्रं. रस काढून नाही, सोलून. रसात चोथा गाळला जातो आणि एका पेल्यात तीन-चार फळं जातात. डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या चालूच होत्या. नुसत्या लिंबाने १०.४ चं १२ होत नाही, हे लक्षात असू द्या.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगतो. पारा ४५ वर गेला की भूक मरते आणि हात थंड बाटलीकडे जातो. घरी ज्वारीची आंबील किंवा पातळ ताक करून ठेवा. पन्हं गुणाचं, पण साखर मोजून घाला. रक्तदाब असेल तर ताकात मीठ हात आखडून. चिवळीची भाजी बाजारात दिसली की घ्या.

एक इशारा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात कमी करू नका, जेवणाच्या वेळाही हलवू नका. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते. नव्याने तपासणी करायची तर ३ महिन्यांनी करा, आधी करून उपयोग नाही, जुनी सरासरी अजून रक्तात असते. माझं ६.२ चं ३ महिन्यांनी ६.० झालं, सातव्या महिन्यात ५.८. उंबरठ्यावरच आहे अजून, पण पाय बाहेरच्या बाजूला वळलेला.

राहिला आग्रह. आपल्याकडे नाही म्हटलेलं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून नाही म्हणूच नका. पहिल्यांदा अर्धं घ्या, दुसऱ्यांदा मागून घ्या. वाढणाऱ्याचं मन राहतं आणि पोटात एकच जातं. अक्षय्यतृतीयेला उमरेडला आत्याकडे गेलो होतो. तिची पुरणाची पोळी तळहाताएवढी जाड, वर तुपाची वाटी. मी अर्धी घेतली. खाऊन ताट पुढे केलं, "आत्या, अजून अर्धी दे."

"पाहा," ती माझ्या बायकोला म्हणाली, "मागून खाऊन राह्यला. तू घरी देत नाहीस वाटते याले पोटभर."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी वही काढून लिहिलं: दुपारी १:२०, पुरणपोळी १, तूप २ चमचे, समोर आलं.