पालिकेच्या शाळेत साहित्य वाटायला जाताय? आधी दुपारच्या शाळेचं विचारा

मे महिना उजाडला की दोन-तीन ग्रुपवरून विचारणा सुरू होते, आम्हालाही महापालिकेच्या शाळेसाठी काहीतरी करायचंय, तुम्ही कसं करता सांगा ना. फोनवर सांगून सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकतेय. आमचा ट्रस्ट छोटा, आठ-नऊ माणसं, त्यातली निम्मी रिटायर्ड. दोन कामं नेमानं करतो, मुलांना वह्या-दप्तरं आणि शिक्षकांना वर्गासाठी छोट्या रकमा. आणि गेल्या वर्षी आम्ही व्यवस्थित माती खाल्ली.

पेठेतली एक शाळा नव्यानं घेतली होती. १६४ दप्तरं मोजून नेली, सगळ्यांना पुरली, चहा झाला, आम्ही खूश. सव्वाबाराच्या सुमारास रिकामी खोकी टेम्पोत टाकत होतो तर गेटमधून वेगळीच मुलं आत यायला लागली. त्याच इमारतीत दुपारची शाळा भरते. वेगळी शाळा, वेगळ्या मुख्याध्यापक बाई, वेगळा पट, आणि आमच्या यादीत त्यातलं एकही पोर नाही. दुसरी-तिसरीतली एक मुलगी गेटपाशी भावाच्या नव्या दप्तराची चेन उघडझाक करत उभी होती, तो सकाळचा, ही दुपारची. मला म्हणाली, "आमचं उद्याय का?" मी हो म्हणून टाकलं. तो उद्या यायला अकरा दिवस लागले.

तर सगळ्यात आधी हे. मुख्याध्यापकांना "तुमच्याकडे किती मुलं आहेत" असं विचारू नका. त्या त्यांच्या शाळेचा आकडा सांगणार आणि तो बरोबरच असणार. विचारायचं असं, "या इमारतीत एकूण किती शाळा भरतात?" सकाळची, दुपारची, मुलांची, मुलींची, कुठे वर उर्दू माध्यम, कुठे खाली बालवाडी. पुण्यात जुन्या वस्तीत हे सर्रास असतं, बाहेर पाटी मात्र एकच वाचली जाते. पक्कं करायचं असेल तर प्रत्येक शाळेचा यू-डायस नंबर मागा, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, अकरा आकडी असतो, पुणे जिल्ह्याचा २७२५ नं सुरू होतो. एका इमारतीतून दोन नंबर आले म्हणजे दोन शाळा. आम्ही गेल्या वर्षी एक नंबर घेतला आणि समाधान मानलं, मूर्खपणा.

आकडा पटाचा घ्या, हजेरीचा नाही, आणि वर पाच-सात जास्त धरा.

तारीख. जूनच्या मध्यात शाळा उघडतात आणि सगळ्यांना पहिल्याच दिवशी जायचं असतं, फुलं, फुगे, नगरसेवक. जाऊ नका. जूनभर प्रवेश चालूच असतात, पट हलत असतो, बाईंना बोलायला फुरसत नसते. आणि पालखी बघा. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा पेठांमधल्या कितीतरी शाळा वारकऱ्यांच्या मुक्कामाला दिलेल्या असतात आणि रस्ते बंद, टेम्पो कुठून नेणार? पालखीची तारीख तिथीनं येते, अधिक महिना मध्ये आला की जुलैत जाते, त्यामुळे कॅलेंडर उघडून बघा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

परवानगी. शिक्षण विभागाच्या नावानं पत्र, दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का घेऊन ती जपून ठेवायची, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की पत्रात इमारतीचं नाव लिहून चालत नाही, प्रत्येक शाळेचं लिहावं लागतं. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी जास्तीची दप्तरं आली होती, पण दुपारच्या बाई म्हणाल्या, ताई, पत्रात आमची शाळा नाही, मी कशी घेऊ? बरोबर होतं त्यांचं, उद्या कोणी विचारलं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. अकरातले आठ दिवस नवं पत्र फिरण्यात गेले. दोन शाळा असतील तर दोन्हींची नावं पत्रात, वेगवेगळ्या ओळीत. पुन्हा सांगणार नाही. (सांगणार आहे.)

काय द्यायचं हे तुम्ही ठरवू नका. पुस्तकं बालभारतीची येतात, आठवीपर्यंत मोफत, त्यावर पैसे घालवू नका. गणवेशाची सरकारी योजना आहे, त्यात पडू नका, रंग चुकतो. वह्या कायम लागतात, पण कुठल्या ते वर्गशिक्षकांना विचारा. पहिली-दुसरीला दुरेघी आणि चौकटीची, वरच्या वर्गांना एकरेघी. आम्ही एका वर्षी सरसकट दोनशेपानी एकरेघी दिल्या होत्या, पहिलीच्या बाईंनी हसून कपाटात ठेवल्या. कंपास पाचवीच्या पुढे, त्याआधी त्यातल्या कर्कटकानं बाक कोरण्यापलीकडे काही होत नाही. बुटांच्या भानगडीत पडायचंच असेल तर प्रत्येक मुलाला कागदावर उभं करून पायाची आउटलाइन काढून घ्या, इयत्तेवरून माप धरलंत की गेलात. खरेदी अप्पा बळवंत चौकात, पण मेमध्येच, जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावर जीएसटी शून्य आहे, जुन्या कोटेशनवर सही करू नका, आमचे खजिनदार काका करणार होते.

आता शिक्षक. लोक इथे "गुरुजनांचा सत्कार" ठेवतात, शाल, नारळ. त्या शालींचं पुढे काय होतं एकदा विचारा. शिक्षकांना लागतं ते म्हणजे कार्डपेपर, स्केचपेन, लॅमिनेशन, गणिताचे मणी, वाचायला गोष्टीची बारीक बारीक पुस्तकं, आणि हे सगळं बहुतेक जण खिशातून आणतात. वर निपुण भारत या सरकारी मोहिमेचं लक्ष्य आहे, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, आणि निवडणूक, जनगणना आली की त्याच शिक्षकांना ड्युटी लागते, कायद्यातच तशी मुभा आहे. त्यामुळे तुमचा चार पानी अर्ज भरायला कोणाला वेळ नाही. आमचा अर्ज एक पानी आहे, मराठीत, तीन प्रश्न. काय हवं, कशासाठी, साधारण किती. वर्गामागे तीन हजारांपर्यंत देतो. बिल पक्कं हवं हे आधीच सांगा, नाहीतर वर्षाच्या शेवटी बाई बिचाऱ्या झेरॉक्सवाल्याकडे जुनं बिल मागत फिरतात.

आणि इथेही तेच. वर्गखोली एकच असते, शिक्षक दोन. सकाळच्या बाईंनी आमच्या पैशातून भिंतीवर अक्षरांचे तक्ते लावले, सुंदर, पण दुपारी त्याच खोलीत पाचवी बसते. सकाळच्यांचं कपाट, त्याला सकाळच्यांचं कुलूप. दुपारच्या सरांचं सगळं साहित्य खिडकीत एका बिस्किटाच्या खोक्यात, पावसाच्या झडीनं खालून ओलं झालेलं. मी ते खोकं उचलायला गेले तर तळच निघून आला. तेव्हा कपाट देणार असाल तर दोन द्या, किंवा दोन कप्पे, दोन चाव्या. टीव्ही, प्रोजेक्टर देणार असाल तर कोणाच्या डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढणार आणि दुसऱ्या शाळेला कधी मिळणार हे देण्याआधी दोन्ही मुख्याध्यापकांना समोरासमोर बसवून ठरवा. दिल्यावर ठरत नाही, अनुभव आहे.

शाळा व्यवस्थापन समितीला भेटा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. कुठलं पोर महिनाभर आलं नाही आणि का, हे त्या आयांना माहीत असतं, आपल्याला नाही. समितीही शाळागणिक वेगळी, म्हणजे दोन मीटिंगा. हो, दोन.

आठवीचे वर्ग असतील तर एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीकडे लक्ष द्या, दप्तरांपेक्षा हे जास्त टिकतं. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, परीक्षेतून निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. अडतं ते अभ्यासात कमी आणि कागदात जास्त, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं, नावातलं स्पेलिंग. दाखल्यासाठी बापाची एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून तो जातच नाही. आमचे दोन रिटायर्ड काका शनिवारी शाळेत बसून फक्त फॉर्म तपासतात, कागद लावून देतात. पैसा लागत नाही, चष्मा लागतो.

पैशांचं थोडक्यात. देणगीदाराचा पॅन पावतीच्या वेळीच घ्या, नंतर कोणी देत नाही. ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी नोंदणी) असेल तर टेन-बीडी, म्हणजे देणग्यांचं विवरणपत्र, ३१ मेच्या आत, म्हणजे नेमकं वह्यांच्या खरेदीच्या गडबडीत, तेव्हा एप्रिलमध्येच उरका. कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा निधी, हवा तर सीएसआर-१ नोंदणी आधी. बाकी सीएला विचारा.

वाटपाच्या दिवशी भाषणं नकोत, एकच, दोन मिनिटं. मुलांना उन्हात बसवू नका. हातात दप्तर देतानाचे फोटो नकोत, आणि काढलेच तर शाळेला विचारून. खोकी प्लॅस्टिकमध्ये. टेम्पोवाल्याला दोन खेपांचे पैसे आधीच ठरवून द्या, कारण तो सकाळच्या वाटपानंतर निघून जातो आणि दुपारचं सामान गोडाऊनमध्येच राहतं. जेवायला जायचं असेल तर पाळीपाळीनं जा, सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते त्या वेळी गेटवर तुमच्यातलं एक माणूस यादी घेऊन उभं पाहिजे.

पोचपावत्या दोन. दोन शाळा, दोन शिक्के.