कोल्ड प्रोसेस, म्हणजे न शिजवता केलेला साबण घरी करायचाय? पहिली बॅच अशी करा

पहिल्या बॅचला रंग, सुगंध, फुलंबिलं काही नको, आधी साधा साबण जमू दे. ३५० ग्रॅम ऑलिव्ह ऑइल, १५० ग्रॅम खोबरेल तेल, ७० ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा, १४० ग्रॅम पाणी, सगळं डिजिटल काट्यावरच मोजायचं, अंदाजपंचे अजिबात चालत नाही आणि तेल बदललं की सोड्याचं प्रमाणही बदलतं.

गॉगल, ग्लोव्हज मस्ट, खिडक्या उघड्या, पोरंबाळं लांब. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही, उसळून अंगावर येतं! उडालंच तर भरपूर पाण्याने धुवत राहा, व्हिनेगर चोळत बसू नका. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियमचं नको कारण सोडा ते खातो.

सोड्याचं हे पाणी आपोआप कडकडीत तापतं. ते आणि तेल दोन्ही ४० डिग्रीच्या आसपास आले की पाणी तेलात ओतून हँड ब्लेंडर थांबत थांबत फिरवा, वरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर रेघेसारखी दिसली की ट्रेस आला, म्हणजे मिश्रण पुरेसं दाट झालं, लगेच साच्यात ओता. एक-दोन दिवसांनी ग्लोव्हज घालूनच वड्या कापा आणि ४ ते ६ आठवडे हवेशीर जागी सुकू द्या, मध्येच वापरायची घाई नको.